बसमालकाचे आभार

आमच्या भागात कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी आभार मानायला मला उठवतात. हळदीकुंकू, मंडळाचा वर्धापनदिन, कुणाची सेवानिवृत्ती, नव्या दवाखान्याचं उद्घाटन. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्याचं हे कौतुक म्हणा किंवा शिक्षा म्हणा. मला कागद लागत नाही. समोर माणसं दिसली की वाक्यं आपोआप येतात, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. टाळ्या पडल्या की दोन दिवस गुडघे दुखत नाहीत. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं या आवडीपायी झालं.

आमच्या गल्लीत माझ्या समोरचं घर अक्काचं. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आता सत्तरीला टेकलेली. माहेर हुपरीचं, जैन घर, भावाकडे चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. आजोळ सीमेपलीकडचं, त्यामुळे कानडी तिला मराठीइतकंच सरळ येतं. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बँकेत आहे, सून एका कॉलेजात शिकवते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अक्का एकटी एसटीनं हुपरीला जायची आणि संध्याकाळी परत यायची. त्या दिवशी घरी कोण पाहुणे येणार आहेत, कुणाला बरं नाही, असलं काही तिला सांगायचं नाही. महिन्यातला तो एक दिवस तिचा स्वतःचा होता.

अक्काला एकदा श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी जायचं होतं. "गुडघं हायत तवर चढून यायाला पायजे," असं ती पाच-सहा वर्षं म्हणत होती. नेमका त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नववीत माझ्या वर्गात होता, निबंधात कायम काठावर पास. आता त्याच्या सहलीच्या दोन बस होत्या. आल्या आल्या वाकून पाया पडला आणि हातात पत्रक दिलं. आठ दिवसांचं दक्षिण दर्शन, आरामगाडी, घरगुती जेवण. खाली ठळक अक्षरांत होतं, 'जैन प्रवाशांसाठी स्वतंत्र जेवण, सूर्यास्तापूर्वी'. ती ओळ मी रस्ता ओलांडून जाऊन अक्काला मोठ्यानं वाचून दाखवली.

"माझ्या हाताखालचा पोरगा हाय," मी म्हटलं. "काळजीच करू नको."

तिनं काळजी केली नाही. तीन आणि चार नंबरच्या सीट आम्ही शेजारी शेजारी घेतल्या. पावतीवर तसे आकडे टाकून घेतले, कारण अक्काला गाडी लागते आणि मागं बसवत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बसमालकाचे कुणी मेहुणे सपत्नीक आले. मालक अक्काकडे वळून म्हणाला, "अक्का, ह्ये आपलं पावणं हायत. एवढा एक दिवस मागं बसा, उद्या बघू." मेहुण्यांची बायको माझ्या शेजारी बसली, मेहुणे पलीकडे. अक्का शेवटच्या रांगेत गेली. मी अर्धवट उठले होते.

"अरे, मी जातो मागं," असं मी म्हणाले. आमच्याकडच्या बायका बोलताना अशाच बोलतात, शाळेत मी मुलींना ते सुधारायला लावायचे आणि घरी स्वतः तेच बोलायचे.

"न्हाय बाई, तुमी पुढंच पायजे. तुमी गाडीत हायसा म्हणून तर ही मंडळी आल्यात," तो म्हणाला. मी बसले. तो उद्या आठही दिवसांत आला नाही, आणि मी पुन्हा उठले नाही. चार-पाच वेळा मागं वळून "बरी आहेस ना गं?" एवढं विचारलं. ती तोंडाला रुमाल लावून मान हलवायची.

जेवणाचंही तसंच झालं. दिवस मावळल्यावर अक्का पाणीसुद्धा घेत नाही. लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे, कधी चुकलेलं नाही. पण आमची गाडी रोज मुक्कामाला पोचायची तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असायचे. दुपारच्या भाजीत बटाटा नाही तर कांदा. दुसऱ्या दिवशी तिनं मालकाला पत्रकातली ओळ दाखवली. तो हसून म्हणाला, "अक्का, प्रवासात थोडं इकडं तिकडं व्हायाचंच की." गाडीतल्या लोकांनीही हसून घेतलं. मीही हसले. मला वाटलं, हसून हलकं केलं की बरं. ती केळी आणि चुरमुऱ्यांवर दिवस काढत होती आणि मी तिच्या डब्यातले चुरमुरे मागून खात होते.

चौथ्या दिवशी श्रवणबेळगोळ झालं. रविवार होता. अक्का अनवाणी, कुणाचा हात न धरता वरपर्यंत चढली. मी मध्येच दोनदा बसले. वर मूर्तीसमोर ती नुसती उभी राहिली, आणि खाली येताना मला म्हणाली, "झालं बघ माझं." त्या दिवशी सकाळपासून तिच्या पोटात दोन केळी होती.

तिथून म्हैसूरला जाताना संध्याकाळी चहासाठी गाडी एका हॉटेलापाशी थांबली. ऊन उतरत होतं. अक्का खाली उतरली, आत जाऊन हॉटेलवाल्याशी कानडीत बोलली आणि परत माझ्या खिडकीखाली येऊन म्हणाली, "कांदा-लसूण न घालता दोन चपात्या आन् आमटी करून देतो म्हणतोय. दहा मिनिटं लागतील. मालकाला सांग, मी आलोच."

मी मालकाला सांगितलं. तो घड्याळाकडे बघत होता. रविवारी संध्याकाळी म्हैसूरच्या राजवाड्यावर दिवे लागतात, थोडा वेळच, आणि ती रोषणाई त्यानं पत्रकात छापली होती. "हां हां," एवढंच तो म्हणाला. पाच-सात मिनिटं गेली आणि त्यानं चालकाला हात केला. गाडी हलली.

"अरे, अक्का राहिली!" मी ओरडले. हो, ओरडले. एवढं तरी केलं.

"बाई, मागनं आपली दुसरी गाडी येतीया. तिच्यातनं येतील की त्या. रोषणाई चुकली तर ही चाळीस माणसं मला खातील."

मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "खरं हाय, चला आता." मी अक्काला फोन लावला. शेवटच्या रांगेत, तिच्या रिकाम्या सीटवर, तिच्या पिशवीत तो वाजला. सगळ्यांनी ऐकला. दुसरी गाडी त्या आठवड्यात पंढरपूरकडे गेली आहे, हे मला पहिल्याच दिवशी मालकानं स्वतः सांगितलं होतं. ते मला तेव्हा आठवलं. तरी मी खाली बसले. पुन्हा उठून गाडी थांबवायला लावली असती तर त्यानं थांबवली असती. माझं ऐकलं असतं त्यानं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रोषणाई मी पाहिली. सुंदर होती. मी मोबाईलवर फोटोही काढले.

अक्का साडेआठला मुक्कामावर आली. गाडी हलताना पाहून ती हातातलं ताट तसंच ठेवून धावली होती. गाडी गेल्यावर हॉटेलवाल्यानं तिला चपात्या कागदात बांधून दिल्या आणि रस्त्यावर उभं राहून एक सरकारी बस थांबवली. पोलक्यातल्या बारक्या पाकिटात पैसे होते म्हणून बरं. लॉजचं नाव तिच्या लक्षात होतं, कानडीत विचारत विचारत आली. बसमधून उतरताना मात्र पाय मुरगळला आणि घोटा भोपळ्याएवढा सुजला. दिवस मावळलेला, म्हणून चपात्या तिनं उशाशी ठेवल्या आणि सकाळी थंड खाल्ल्या. मी तिच्या पायाला तेल चोळत होते. तिनं एकच विचारलं, "सांगितलंस न्हवं मालकाला?"

"सांगितलं की," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि तेवढंच मी सांगितलं.

मालकानं तिची चौकशी केली ती सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "अक्का, असं न सांगता कुठं बी जायाचं न्हाय आता. वय झालं तुमचं." ती म्हणाली, "मी सांगून गेलतो." तो हसला आणि पुढे गेला. सगळे माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. कुणी बघितलं का ते मला कळलं नाही, कारण मी मोबाईलमध्ये तोंड घातलं होतं.

आमच्याकडे कुठलीही सहल सत्काराशिवाय संपत नाही. हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. काशीला जाऊ दे नाही तर जोतिबाला, परतताना शेवटच्या चहाला गाडी थांबते, वर्गणीतून आणलेली शाल आणि नारळ बाहेर निघतो, मालकाला फेटा बांधला जातो, चालकाला टोपी, आणि कुणीतरी उभं राहून गुण गातं. जेवण कच्चं मिळालं असलं तरी गातं. शेवट गोड करायचा ही आमची रीत. कागलच्या अलीकडे एका बागेच्या हॉटेलात आमची गाडी थांबली. मालकानं माझ्यापुढे वाकून म्हटलं, "बाई, आभार तुमीच मानायचं. तुमच्या तोंडनं ऐकायचं हाय."

मी अक्काकडे पाहिलं. ती खुर्चीवर बसली होती, सुजलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर.

"बोल की," ती म्हणाली. "तुला येतंय."

मी दोन मिनिटांत आटपायचं ठरवलं होतं. पण मालकाच्या डोक्यावर फेटा होता, समोर चाळीस माणसं होती, आणि वाक्यं यायला लागली. माझा विद्यार्थी, हा माझा अभिमान. त्यानं आम्हाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. आठ दिवसांत एकाही प्रवाशाला काडीचा त्रास झाला नाही. शेवटचं वाक्य म्हणताना मला घोटा दिसत होता. तरी ते वाक्य बाहेर आलं, कारण त्याच्यामागून टाळ्या येणार हे मला ठाऊक होतं. मालकाच्या मेहुण्यांनी सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. चार मिनिटांचं भाषण झालं.

घरी गेल्यावर अक्काच्या मुलानं पाय बघितला आणि मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "साहेब, आईंच्या ध्यानात राहत न्हाय हो आता काही. न सांगता गेल्या. आमी किती शोधलं." मुलगा वाईट नाही. घाबरट आहे, आणि आईवर माया आहे. त्याच्या बँकेतल्या कुणाची तरी विसरभोळी झालेली आई घरातून निघून गेली होती, ते त्याच्या डोक्यात बसलेलं. त्यानं मला विचारलं, "मावशी, आईनं सांगितलेलं का कुणाला?" मी म्हटलं, "गडबड होती रे सगळी." एवढ्या एका वाक्यावर त्यानं ठरवून टाकलं.

पहिला सोमवार आला आणि हुपरी बंद झाली. मुलगा म्हणाला, मी सुट्टीच्या दिवशी गाडीनं सोडतो. महिना गेला, दोन गेले. तिच्या पर्सच्या आत त्यानं एक चिठ्ठी ठेवली, पत्ता, स्वतःचा नंबर आणि वर 'यांना विस्मरण होते'. अक्कानं ती मला दाखवली. 

"माझं डोकं ठिकाणावर हाय," ती म्हणाली. "एवढंच मला कुणाकडनं तरी लिहून पायजे. सही-शिक्क्याचं."

दुसऱ्या दिवशी मीच तिला आमच्या मागच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांकडे घेऊन गेले. वाटलं, एवढं केलं की माझं मन हलकं होईल. म्हातारे गृहस्थ, ग्राहकांच्या तक्रारींतच त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी पत्रक, पावती, सीटचे आकडे, दवाखान्याचे कागद टेबलावर मांडून घेतले आणि खूश झाले.

"ह्याला सेवेतली त्रुटी म्हणतात," ते म्हणाले. "छापील पत्रक म्हणजे मालकानं दिलेला शब्द. ठरलेली सीट दिली नाही, ठरलेलं जेवण दिलं नाही, आणि माणूस रस्त्यात टाकून गेले. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हैसूरला जायला नको. एवढ्याशा रकमेला फीसुद्धा नाही. वकील न देता स्वतः उभं राहिलं तरी चालतं. बसच्या परवान्याबद्दल परिवहन खात्याकडे वेगळा अर्ज टाकू. आधी एक नोटीस पाठवू, उत्तर काय येतं बघू."

मग ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "सीट आणि जेवण कागदावरच आहे. पण गाडी सोडून गेली, त्याला माणूस लागेल. ज्याला तुम्ही सांगून गेलात त्याचं शपथपत्र."

अक्का माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "देऊ की." आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

नोटिशीचं उत्तर आलं. त्यात मालकाच्या वकिलानं लिहिलं होतं की सदर प्रवासी वृद्ध असून त्यांना विस्मरण होते, त्या कोणासही न सांगता निघून गेल्या, आणि सहलीबद्दल सर्व प्रवासी समाधानी होते याचा चित्रित पुरावा उपलब्ध आहे. चित्रित पुरावा म्हणजे मी. घरात कुणी नसताना मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. मराठी फार वाईट होतं, पण मुद्दा बरोबर होता.

तेव्हाच शपथपत्र द्यायला हवं होतं. दिलं नाही. आधी रक्तदाब वाढला, मग लेकीकडे पुण्याला गेले, मग दिवाळी. खरं कारण वेगळं होतं. शपथपत्र द्यायचं म्हणजे मी सगळ्या भागासमोर उभं राहून खोटं बोलले, हे स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. जी बाई तीस वर्षं सगळ्यांचे आभार मानत आली, तिच्या कुठल्याच आभाराला मग किंमत उरली नसती. आणि मालक दर गुरुपौर्णिमेला माझ्याकडे नारळ घेऊन येतो. त्या वर्षीही आला. मी तो घेतला.

वकीलसाहेबांनी तक्रारीत 'सहप्रवाशास सांगून गेले' एवढंच घातलं. नाव घालायचं का, असं त्यांनी अक्काला विचारलं होतं. ती म्हणाली, "थांबा वाईच. ती देतो म्हणालीया, तवा घाला." तारखा पडत राहिल्या. अक्कानं मला एकदाही तगादा लावला नाही. तिनं लावला असता तर मला तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

शेवटच्या सुनावणीला मी तिच्यासोबत गेले. मुलाला सुट्टी नव्हती आणि तिला एकटीला सोडायचं नाही, म्हणून मला सोबत धाडलं होतं. मी मागच्या बाकावर बसले. मालक आला होता. दारात त्यानं माझ्या पाया पडायला हात पुढे केला आणि मी मागं सरकले. तेवढंच माझं शौर्य.

मालकाच्या वकिलानं लॅपटॉप उघडला. त्या खोलीत माझा आवाज घुमला, 'एकाही प्रवाशाला काडीचा त्रास झाला नाही.' आवाज खणखणीत होता, शब्दफेक चांगली होती. पडद्याच्या कोपऱ्यात अक्का दिसत होती, पाय खुर्चीवर टाकलेली, आणि ती टाळ्या वाजवत होती. मी ते त्याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं. माझं लक्ष नेहमी माझ्यावरच असायचं.

आयोगाच्या अध्यक्ष मॅडमनी अक्काला विचारलं, "आजी, त्रास झाला म्हणता. मग या टाळ्या तुम्हीच वाजवताय ना?"

"व्हय," अक्का म्हणाली. "ती बोलत हुती म्हणून वाजवल्या. माझी मैत्रीण हाय ती."

खोलीत दोघे-तिघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद चाळला. "तक्रारीत लिहिलंय की सहप्रवाशाला सांगून तुम्ही जेवण आणायला गेलात. कोणाला सांगितलं होतं?"

 अक्कानं मान वळवली आणि मागं, माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, पाच-सहा सेकंद तरी. माझे हात पदरात होते.  आता ही माझं नाव घेणार, आणि सगळी खोली वळणार, एवढंच मला सुचत होतं. मी खाली बघितलं.

"आठवत न्हाय," अक्का म्हणाली.

त्यांच्या वकिलानं मान वर केली आणि ते लिहून घेतलं. आमचे वकीलसाहेब काहीतरी म्हणायला लागले, पण मॅडमनी तेवढ्यात पुढचं पान उलटलं. बाहेर आल्यावर मी अक्काला रिक्षात बसवलं. मला वाटलं, तिनं मला वाचवलं. मला इतकं हायसं वाटलं की त्याची आठवण झाली तरी आज मला माझीच किळस येते. घरी येऊन मी पोटभर जेवले आणि दुपारची झोपही काढली.

दीड महिन्यानं निकाल आला. सीट आणि जेवण यांत त्रुटी सिद्ध झाली, मालकानं भरपाई आणि तक्रारीचा खर्च द्यावा. वाटेत सोडून गेल्याचा मुद्दा मात्र सिद्ध झाला नाही, कारण आपण कोणाला सांगितले हे तक्रारदारासच आठवत नाही. ते वाक्य तसंच्या तसं निकालात आलं, खाली सही, शिक्का. मुलानं ते आईला वाचून दाखवलं. ओरडून नाही, अगदी मऊ आवाजात.

"बघ आई, आता आयोगानंच लिहिलंय. मी माझ्या मनानं म्हणत न्हवतो."

त्यानंतर गेटला आतून कुलूप लागायला लागलं. दुपारी अक्का व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते आणि रस्त्याच्या या बाजूला मी भाजी निवडत बसते. पहिल्या सोमवारी ती पांढरं धुवट लुगडं नेसते, जुन्या सवयीनं. मग तशीच दिवसभर घरात असते.

निकालानंतर एकविसाव्या दिवशी मी वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी सांगितलं, राज्य आयोगाकडे अपील करायला पंचेचाळीस दिवस असतात. नवीन पुरावा तिथं सहजासहजी घेत नाहीत, आधी का दिला नाही याचं कारण द्यावं लागतं. "कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी लिहिते.

चार पानं झाली. ती मला सांगून गेली होती. मी मालकाला सांगितलं होतं. दुसरी गाडी नाही हे मला माहीत होतं. व्हिडिओतलं बोलणं खोटं आहे आणि ते मी समजून-उमजून बोलले. शपथपत्र आधी दिलं नाही कारण मला माझ्या नावाची काळजी होती. पुन्हा वाचताना दोन ठिकाणी वाक्य छान झालंय असं मनात आलं, ती दोन्ही मी खोडली.

नोटरी करून मी समोर गेले. सुनेनं कुलूप काढलं. मुलगा घरीच होता, त्याच्या हातात मी झेरॉक्स दिली आणि मूळ कागद अक्काच्या मांडीवर ठेवले. तिनं चष्मा लावून चारही पानं वाचली. सावकाश, बोट फिरवत. मुलगा पहिल्या पानाशीच थांबला होता आणि त्याचं तोंड पडलं होतं. तो काही म्हणायच्या आत अक्कानं त्याला हातानं गप्प केलं.

"करू अपील," ती म्हणाली. "ह्ये बी जोडू."

मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी तू मला वाचवलंस." माझा आवाज भरून आला होता. खरंच आला होता, मी आणला नव्हता.

तिनं कागद सरळ करून घडी घातली.

"वाचवायला कुठं म्हटलं मी तसं?" ती म्हणाली. "मला वाटलं, मी आठवत न्हाय म्हटल्यावर तरी तू उठशील."